वाचनवही : केट शोपँ यांच्या 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' कथेतील मधला भाग

परिच्छेदागणिक टिपणे काढत अभिजात लघुकथा वाचण्याच्या छंदात सध्या केट शोपँ या अमेरिकी लेखिकेची १८९४ सालची ही कथा हाती आहे. घटनाक्रम आधीच्या टप्प्यात नोंदवून झाला : हृदयविकार असलेल्या लुईझ मॅलर्डला, नवरा ब्रेंटली रेल्वे अपघातात गेल्याचे जपून सांगितले जाते, ती बहिणीच्या मिठीत रडते, खोलीत एकटी जाऊन बसते, आणि तासाभरात स्वतःच मरण पावते. या खेपेस केवळ खोलीतील प्रसंग घेतला, कारण व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय उलगडतो तो तिथेच.

उघड्या खिडकीतून तिला पालवलेले शेंडे दिसतात, पावसाचा गंध येतो, फेरीवाल्याची आरोळी, दूरचे गाणे आणि वळचणीच्या चिमण्या ऐकू येतात. स्वातंत्र्याची कल्पना ती विचार करून गाठत नाही. आभाळातून काहीतरी आपल्याकडे सरकत आहे असे तिला जाणवते आणि ते मागे लोटण्याचा ती दुबळा प्रयत्नही करते. मुक्त झाल्याचा उद्गार तिच्या ओठांतून निसटतो तो त्यानंतर. या प्रतिकाराकडे दुर्लक्ष केले, तर लुईझ निव्वळ निष्ठुर वाटू लागते, आणि मग कथेत फारसे काही उरत नाही.

ब्रेंटलीला खलनायक ठरवणारे वाचनही मला पटत नाही. त्याने तिच्याकडे नेहमी प्रेमानेच पाहिले, हे तिला ठाऊक आहे. तिचेही त्याच्यावर अधूनमधून प्रेम होते. स्त्री असो वा पुरुष, दुसऱ्यावर आपली इच्छा लादण्याचा आपल्याला हक्क आहे असे माणसे मानतात, आणि हेतू मायेचा असला तरी तो अपराधच ठरतो, असा तिचा निष्कर्ष आहे. नवरा जुलमी असता, तर हा विचार एका वाईट संसारापुरता राहिला असता. तो भला असल्यामुळेच सुटकेचा मार्ग सापडत नाही.

आणखी एक बाब समासात लिहून ठेवली आहे. कथेत प्रारंभापासून ती 'मिसेस मॅलर्ड' आहे. 'लुईझ' हे नाव प्रथम येते ते बंद दाराबाहेरून बहीण हाक मारते तेव्हा, म्हणजे मुक्तीचा उद्गार निघून गेल्यावर. आदल्या दिवशी जे दीर्घ आयुष्य नकोसे वाटत होते, तेच लाभावे म्हणून ती आता प्रार्थना करते. मग अपघाताची वार्ताही नसलेला ब्रेंटली छत्री घेऊन दारात उभा राहतो, ती कोसळते, आणि डॉक्टर अत्यानंदाने मृत्यू झाल्याचे निदान करतात. खोलीत काय घडले हे आता केवळ वाचकाला ठाऊक असते, त्यामुळे हे निदान त्याला झोंबते.

(शोपँ यांचे वडील १८५५ साली मिसूरीतील गॅस्कोनेड नदीवरचा पूल कोसळून झालेल्या रेल्वे अपघातात गेले, तर पती १८८२ साली वारले. या तपशिलांवरून कथेचा अर्थ लावण्याचा मोह होतो, परंतु मुख्य टिपणांत ते मी घेतलेले नाहीत.)

पुढील टप्प्यात त्यांचीच १८९७ सालची 'अ पेअर ऑफ सिल्क स्टॉकिंग्ज' घेणार आहे. तीत अनपेक्षितपणे हाती आलेले पंधरा डॉलर मुलांऐवजी स्वतःवर खर्च करणारी मिसेस सॉमर्स आहे. तिचे स्वातंत्र्य बाजारात, पैसे मोजून मिळते, तेव्हा लुईझच्या शेजारी ते कितपत टिकते, हे तपासायचे आहे.