मुलाखतीत ‘का’ विचारण्याआधी

गुणात्मक संशोधनाचे, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्या-अनुभवांवर आधारलेल्या अभ्यासाचे, आराखडे वाचताना एक गोष्ट मला वारंवार खटकते. नमुना निवड, संमतीपत्र, विश्लेषणाची पद्धत यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात, आणि मुलाखतीत नेमके काय विचारणार हे मात्र शेवटच्या परिशिष्टात, संशोधनाच्या उद्दिष्टांपुढे प्रश्नचिन्हे जोडून उरकलेले असते. ‘परिचारिका नोकरी का सोडतात याचा शोध घेणे’ हे उद्दिष्ट, आणि ‘तुम्ही नोकरी का सोडलीत?’ हा मुलाखतीचा प्रश्न. वरवर पाहता यात काही वावगे वाटत नाही. मात्र पुढे हाती येणारी सामग्री पातळ निघते तेव्हा तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

संशोधनाचा प्रश्न संशोधकाने स्वतःला विचारायचा असतो. त्याचे उत्तर अनेक मुलाखती शेजारी शेजारी ठेवून, त्यांतले साम्य आणि विसंगती तपासून काढायचे असते. तोच प्रश्न समोरच्या व्यक्तीला जसाच्या तसा विचारणे म्हणजे आपले काम तिच्यावर ढकलणे होय. ती व्यक्ती सौजन्याने ते काम करतेही. पगार कमी, ताण जास्त, घरच्या जबाबदाऱ्या असे तयार सिद्धान्त ती आपल्यापुढे मांडते, आणि आपण ते निष्कर्ष म्हणून लिहून घेतो. शिवाय ‘का’ या प्रश्नात जाब विचारल्याचा सूर असतो. ज्याला जाब विचारला जातो तो घडले तसे सांगत नाही, शोभेल असे सांगतो.

सैनिकी वैमानिकांच्या प्रशिक्षणातून वगळलेल्या एक हजार उमेदवारांच्या नोंदी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तपासल्या गेल्या, तेव्हा हीच अडचण उघड झाली होती. वगळण्याची कारणे म्हणून प्रशिक्षकांनी उपजत क्षमता नाही, स्वभाव योग्य नाही, निर्णयशक्ती कमकुवत आहे अशा छापाचे शेरे लिहिलेले होते, आणि त्यांवरून उमेदवाराने विमानात नेमके काय केले होते हे कळायला मार्ग नव्हता. या कामाशी निगडित असलेले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये ‘निर्णायक प्रसंग’ पद्धतीची सविस्तर मांडणी केली. तिचा गाभा साधा आहे: मत विचारू नका, एक विशिष्ट प्रसंग विचारा, तो कोणत्या परिस्थितीत घडला, त्या व्यक्तीने काय केले, आणि त्यातून पुढे काय झाले, ते विचारा. ही पद्धत आज कोणी तंतोतंत पाळावी असे माझे म्हणणे नाही. प्रसंगाकडे वळण्याची सवय मात्र प्रत्येक मुलाखतकाराने तिच्याकडून घ्यावी.

समजा, रात्रपाळीविषयी बोलताना एक परिचारिका म्हणते, ‘ताण असतोच हो, पण सवय होऊन जाते.’ इथे पुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ‘कसला ताण असतो?’ असे विचारले तर विशेषणे मिळतील. ‘ताणामुळे झोपेवर परिणाम होतो का?’ असे विचारले तर ‘होतो’ एवढेच मिळेल, कारण उत्तर आपणच हातात दिलेले आहे. त्याऐवजी ‘अलीकडची एखादी रात्र सांगाल का, जेव्हा तो जाणवला?’ असे विचारले, तर कदाचित असे काही ऐकायला मिळेल: ‘परवाचीच रात्र घ्या. पहाटे तीनला एका पेशंटची सलाईन बदलायची होती. मी दोनदा जाऊन पाहून आले, तरी बदलली की नाही ते आठवेना. तेव्हापासून मी खिशात छोटी वही ठेवते.’ आता विचारण्यासारखे पुष्कळ आहे. त्या वहीत काय लिहिता? आणखी कोणी अशी वही ठेवते का? वरिष्ठांना ती ठाऊक आहे का? ‘सवय होऊन जाते’ या वाक्याचा खरा अर्थ त्या वहीत आहे, आणि आराखडा लिहिताना या वहीची कल्पना कोणालाही आली नसती. अर्धसंरचित मुलाखतीत, म्हणजे विषय आधी ठरवून बाकीचे प्रश्न ओघात विचारायच्या मुलाखतीत, ‘अर्धा’ मोकळा भाग यासाठीच असतो.

त्यामुळे मुलाखतीची मार्गदर्शिका जितकी आखूड तितकी बरी. तासाभराच्या मुलाखतीला सहा ते आठ विषय पुरतात, आणि प्रत्येकाखाली दोन-तीन उपप्रश्नांची आठवण असली म्हणजे झाले. वीस-पंचवीस प्रश्नांची यादी समोर असली की मुलाखतकाराचे लक्ष उत्तराकडे न राहता पुढच्या प्रश्नाकडे जाते. सुरुवात वर्णनाने करावी. जेम्स स्प्रॅडली या मानववंशशास्त्रज्ञाने अशा प्रश्नांना ‘ग्रँड टूर’ म्हटले होते: तुमच्या कामाचा एक दिवस सुरुवातीपासून सांगा. मला यात एक पुरवणी जोडावीशी वाटते. ‘नेहमीचा दिवस’ विचारला की लोक नियमावली सांगतात. ‘कालचा दिवस’ विचारला की काल काय झाले ते सांगतात. नाजूक विषय मध्यानंतर घ्यावेत, पण अगदी शेवटी ठेवू नयेत, कारण एखाद्याला रडू आल्यावर घड्याळाकडे पाहून आभार मानण्याची वेळ येता कामा नये.

शांततेविषयी थोडे. उत्तर संपल्यासारखे वाटल्यावर पाच सेकंद गप्प राहणे नवख्याला फार जड जाते. आपण ती पोकळी नव्या प्रश्नाने भरतो, आणि बोलणाऱ्याच्या ओठांवर आलेले वाक्य परत जाते. सरावाच्या मुलाखतीचे रेकॉर्डिंग ऐकताना आपण किती वेळा मध्येच बोललो हे मोजावे; ते ऐकणे सुखद नसते, पण फार उपयोगी असते.

रेकॉर्डर बंद केल्यावर, दाराशी उभे असताना, लोक पुष्कळदा सर्वांत मोलाचे काही बोलून जातात. ते वापरायचे असेल तर तिथल्या तिथे परवानगी मागावी, कारण सही केलेले संमतीपत्र रेकॉर्ड झालेल्या संभाषणापुरते होते असे समोरच्याने गृहीत धरलेले असू शकते. ओळख लपवण्याचेही तसेच आहे. नाव बदलून भागत नाही. ‘त्या विभागातील एकमेव पुरुष परिचारक’ एवढे लिहिले तरी सहकाऱ्यांना तो कोण हे कळते.

किती मुलाखती घ्याव्यात, हा प्रश्न मार्गदर्शकांना हमखास विचारला जातो, आणि बारा हा आकडा हमखास सांगितला जातो. तो मुख्यतः ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या अभ्यासावरून आला. त्यांनी घाना आणि नायजेरियातील स्त्रियांच्या 60 मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या बारांमध्येच बहुतेक संकल्पना येऊन गेल्याचे दिसले. पण त्या स्त्रिया बऱ्याच बाबतींत एकमेकींसारख्या होत्या, आणि त्यांना विचारलेले विषयही सारखे होते. नव्याने रुजू झालेल्या, पंधरा वर्षे टिकलेल्या आणि सोडून गेलेल्या अशा तिन्ही गटांतल्या परिचारिका घेतल्या, तर तो बारा आपल्या कामाचा राहत नाही. नवीन काही मिळणे थांबले का, हे मुलाखती सुरू असताना, आधीच्या वाचूनच ठरवता येते.

आणि तिथेच वेळापत्रक कोलमडते. एका तासाच्या रेकॉर्डिंगचे शब्दांकन करायला चार ते सहा तास सहज लागतात. आवाज अस्पष्ट असेल किंवा दोघे एकदम बोलत असतील तर त्याहूनही जास्त. सगळ्या मुलाखती एका पंधरवड्यात उरकून शब्दांकन नंतर करू, असे ठरवणाऱ्याला वहीचा उल्लेख दुसऱ्या मुलाखतीत आला होता हे शेवटची मुलाखत झाल्यावर कळते, आणि तोवर बाकीच्यांना वहीबद्दल विचारायची संधी गेलेली असते. म्हणून पहिल्या दोन-तीन मुलाखतींनंतर कॅलेंडरवर किमान एक आठवडा कोरा ठेवावा, तेवढ्यात त्यांचे शब्दांकन स्वतः करावे, मार्गदर्शिकेतले निरुपयोगी ठरलेले प्रश्न काढावेत, आणि पुढच्या व्यक्तीला फोन त्यानंतरच करावा.