नोंदवहीतली फुटकी वाटी

पुण्याच्या जुन्या पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर स्थानिक इतिहासाचे आमचे छोटे संग्रहालय आहे. केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते पाहून आलेल्या माणसाला आमच्या खोल्या अगदी लहान वाटतात, आणि त्यात नवल नाही. आमच्याकडे जे आहे ते आसपासच्या घरांतून आलेले आहे: शेर, मापटे, चिपटे, कोळवे अशी धान्याची मापे, दौती आणि बोरू, मोडी कागदांची रुमालात बांधलेली दप्तरे, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पाणी कुठवर चढले त्याची चिखलरेघ अंगावर बाळगणारी एक लाकडी पेटी. तिच्यापाशी मुलांना मी नेहमी थोडा जास्त वेळ थांबवते.

गेल्या पावसाळ्यात आमची वार्षिक पडताळणी चालू होती. ज्या वस्तू फारच खराब झाल्या आहेत किंवा ज्यांच्याविषयी काहीच सांगता येत नाही, त्यांची निर्लेखनासाठी यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. त्या यादीत मी स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘तांब्याची वाटी, बुडाशी भोक, फुटकी.’ पाडायला काढलेल्या एका वाड्यातून गोणपाटात भरून आलेल्या सामानात ती मिळाली होती, आणि मूळ नोंदवहीतही तिच्यासमोर याहून अधिक काही नव्हते. पुढच्या आठवड्यात ती मोडीत गेली असती.

त्याच दुपारी एक वृद्ध गुरुजी आपल्या घराण्याचा एक मोडी कागद वाचून घेण्यासाठी आले. टेबलावरची वाटी त्यांनी विचारून हातात घेतली, उजेडासमोर धरली आणि म्हणाले, “ताई, ही फुटलेली नाही. हे भोक मुद्दाम पाडलेले आहे.”

मला वाटले, ही पिंडीवर टांगायची गळती असावी, आणि तसे मी बोलूनही दाखवले. गुरुजींनी काठावरून बोट फिरवले. गळती टांगायची, म्हणून तिला कड्या किंवा साखळीसाठी भोके असतात, आणि येथे काठ सगळीकडे सलग होता. जेवणाची वाटी म्हणावी, तर आतून कल्हईचा मागमूस नव्हता, आणि कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट पदार्थ कळकतो, हे कोणत्याही जुन्या स्वयंपाकघराला ठाऊक होते. भोकाची कडाही तडकलेल्या धातूसारखी वेडीवाकडी नव्हती, ती नीट गोल होती. मग ते म्हणाले, “हे घटिकापात्र आहे.”

स्वच्छ पाण्यावर तरंगत ठेवलेले, बुडाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र, जे एका अहोरात्रात ६० वेळा बुडते, असे त्याचे वर्णन सूर्यसिद्धांतात आहे. म्हणजे एका बुडण्याला २४ मिनिटे, आणि अडीच घटिकांचा एक तास. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून करत आले आहे, पण त्यातले भरणे हे खरोखरच पाण्याने भरणे आहे, हे ती वाटी हातात असताना मला पहिल्यांदा जाणवले.

खात्री करण्याचा एकच मार्ग होता, आणि तो मला भीतिदायक वाटत होता, कारण संग्रहातली वस्तू पाण्यात घालणे ही साधी गोष्ट नाही. आमच्या प्रमुखांची परवानगी घेतली, ऊर्ध्वपातित पाणी आणवले, टबात ओतले आणि वाटी अलगद सोडली. तळाशी पाण्याची एक बारीक धार आत उसळताना दिसली. सगळे कर्मचारी टबाभोवती उभे होते आणि कोणी बोलत नव्हते.

वाट पाहताना गुरुजींनी जुन्या लग्नांतली पद्धत सांगितली. सूर्योदयाला पात्र सोडायचे, बुडाले की तत्क्षणी रिकामे करून पुन्हा सोडायचे, आणि मुहूर्ताची घटिका येईपर्यंत जोशीबुवांनी जागचे हलायचे नाही. घटिका त्या त्या गावच्या सूर्योदयापासून मोजल्या जात. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, आणि पुण्याची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३५ मिनिटे मागे आहे, पण या मोजणीला त्या फरकाशी काही कर्तव्य नव्हते.

वाटी २५ मिनिटे १० सेकंदांनी बुडाली. दुसऱ्या खेपेला २५ मिनिटे २० सेकंद लागले. मी थोडी हिरमुसले, पण गुरुजींनी भिंग मागितले आणि छिद्राच्या कडेवरचा पांढरा थर दाखवला. तो क्षार होता, आणि त्याने छिद्र अरुंद झाले होते. वाड्याच्या आडाचे जड पाणी वापरून ती वाटी पुन्हा पुन्हा बुडवली गेली असावी, तेव्हाच तो थर तेथे साचेल. चिंच लावून घासली तर वेळ बरोबर येईल, असे आमच्यातल्या एकाने सुचवले. मी ते होऊ दिले नाही. तो क्षार हाच तिच्या वापराचा आमच्याकडे असलेला एकमेव पुरावा होता. वाटी मऊ कापडाने टिपून पंख्याखाली पूर्ण कोरडी केली.

संध्याकाळी सामान देणाऱ्या कुटुंबाला फोन केला. घरातल्या आजींनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. “आमच्या मामंजींना लोक घटिका घालायला न्यायचे,” त्या म्हणाल्या, “पण तुम्ही सामान नेलेत त्या दिवशी कोणी विचारलेच नाही.” सामान नेणाऱ्यांत मी होते.

नोंदवहीतली जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली लाल शाईने तारीख घालून नवी नोंद केली, दोन्ही वेळा लिहिल्या आणि आजींचे वाक्य त्यांच्या शब्दांत उतरवले. यादीत आणखी अकरा वस्तू होत्या. त्या मी कपाटात परत ठेवल्या आणि आजींना भेटायला कधी येऊ, ते विचारून घेतले.