टेस्टला वेगळे नियम लावताना: डॉटनेट बिल्डचा माझा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी पावत्या काढणारं आमचं ॲप सी शार्प या डॉटनेटच्या भाषेत आहे. कोड ॲनालिसिस, म्हणजे कोड नियमांत बसतो का याची आपोआप तपासणी, कडक करायची ठरली, म्हणून ॲनालिसिस मोड ‘ऑल’ केला आणि प्रत्येक वॉर्निंग एरर धरायला लावली. पाइपलाइन (कोड आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) लगेच लाल झाली आणि बहुतेक एरर टेस्टच्या, म्हणजे ॲप तपासणाऱ्या कोडच्या, फोल्डरमधल्या निघाल्या. ॲनालिसिसचा सीए१७०७ हा नियम म्हणतो, नावात अंडरस्कोर नको. आमच्या टेस्टची नावं ‘वजन_शून्य_तर_पावती_नाही’ अशी. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीनं विचारलं, ‘भाऊ, सगळे अंडरस्कोर काढून टाकू का?’ मी नको म्हटलं. टेस्ट फेल झाली की लॉगमध्ये आधी नाव दिसतं, ते वाचताक्षणी कळलं पाहिजे. हा नियम ॲपसाठी योग्य आहे, टेस्टसाठी नाही.

सीए२००७ चं तर टेस्टमधल्या दुसऱ्या नियमाशीच भांडण होतं. तो म्हणतो, प्रत्येक अवेटला (काम संपेपर्यंत थांबायच्या सूचनेला) कॉन्फिगर-अवेट लावा; त्यात सहसा फॉल्स देतात. टेस्ट लिहायच्या एक्सयुनिट लायब्ररीचा नियम एक्सयुनिट१०३० म्हणतो, टेस्ट मेथडमध्ये त्याला फॉल्स देऊ नका.

टेस्टच्या फोल्डरमध्ये वेगळी एडिटरकॉन्फिग फाइल (फॉरमॅटिंग आणि नियमांचा कडकपणा ठरवणारी) ठेवली आणि तिथे हे दोन्ही सीए नियम ‘नन’, म्हणजे बंद, केले. जवळच्या फाइलचा शब्द वरच्या फाइलवर चालतो, बाकी सगळं वरून येतं. या आतल्या फाइलमध्ये मात्र ‘रूट = ट्रू’ लिहू नका. लिहिलंत तर वरचे नियम येणंच थांबतं, आणि टेस्टचं फॉरमॅटिंगसुद्धा मोकाट सुटतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘ट्रीट वॉर्निंग्ज ॲज एरर्स’ या, वॉर्निंगला एरर धरणाऱ्या सेटिंगमध्ये. टेस्टच्या डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स या, फोल्डरमधल्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होणाऱ्या फाइलीत ते फॉल्स केलं होतं, तरी एरर येतच होते. कारण पाइपलाइनच्या कमांडमध्येच कोणीतरी ते ट्रू दिलं होतं. कमांड लाइनवरून दिलेली किंमत एमएसबिल्डमध्ये (डॉटनेटचं बिल्ड करणाऱ्या साधनात) ग्लोबल असते, आणि प्रोजेक्टच्या फाइलीत नेहमीसारखी लिहिलेली किंमत तिच्यापुढे चालत नाही. बिल्ड आणि टेस्टचे टप्पे वेगळे करूनही भागत नाही, कारण टेस्ट प्रोजेक्ट रेफरन्समुळे ॲपलाही सोबत बिल्ड करतो. शेवटी कमांडमधून ते काढलं आणि ॲपच्या व टेस्टच्या फोल्डरांतल्या फाइलींमध्ये लिहिलं.

त्यात आणखी एक खाच निघाली. एमएसबिल्ड प्रोजेक्टच्या फोल्डरपासून वर चढत जातो आणि पहिली डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स सापडली की थांबतो. म्हणजे टेस्टची फाइल ठेवली की सगळ्यात वरच्या फोल्डरमधली आपोआप येत नाही, ती हातानं इम्पोर्ट करावी लागते. शिवाय डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्समध्ये ‘इज टेस्ट प्रोजेक्ट’ (हा टेस्टचा प्रोजेक्ट आहे का, हे सांगणारी प्रॉपर्टी) तपासू नका. ती फाइल आधी वाचली जाते, सीएसप्रोज (प्रोजेक्टची मुख्य फाइल) नंतर, त्यामुळे सीएसप्रोजमध्ये लिहिलेली किंमत तोवर ठरलेलीच नसते. अट लावायचीच असेल तर सीएसप्रोजनंतर वाचल्या जाणाऱ्या डिरेक्टरी.बिल्ड.टार्गेट्समध्ये लावा. फाइलच्या नावाचं स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरं तंतोतंत ठेवा: विंडोजवर चुकीचं चालून जातं, लिनक्स एजंटवर (पाइपलाइन चालवणाऱ्या मशीनवर) फाइल सापडतच नाही.

टेस्टवरचं ॲनालिसिस पूर्ण बंद करणं मला अजिबात पटत नाही. सीएस४०१४, म्हणजे अवेट विसरल्याची वॉर्निंग, टेस्टमध्ये उलट एरर केली. अवेट विसरलेली एसिंक तपासणी काहीही न तपासता हिरवी होते, आणि ती हिरवी खूण बघून आपण निर्धास्त होतो. ॲपमधल्या चुकीपेक्षा ही जास्त घातक.

बदल लागू झाला की नाही हे अंदाजावर सोडू नका. डॉटनेट ८ पासून ‘डॉटनेट एमएसबिल्ड’ला ‘गेट प्रॉपर्टी’ हा पर्याय देता येतो. प्रोजेक्टची फाइल द्या, प्रॉपर्टीचं नाव द्या, आणि बिल्ड न करता किंमत समोर येते. आम्ही ॲपच्या आणि टेस्टच्या एकेका प्रोजेक्टवर ‘ट्रीट वॉर्निंग्ज ॲज एरर्स’साठी ही कमांड चालवली. पहिल्यावर ट्रू आलं, दुसऱ्यावर फॉल्स, तेव्हाच पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) मर्ज केली.