डॅशबोर्डवरची चहाडी

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात. मग एबीएस विझतो, एअरबॅग विझतो, आणि ते सगळे गेल्याशिवाय मी स्टार्टर मारत नाही. इंजिनाचा पिवळा, म्हणजे चेक इंजिनचा दिवा, तेवढा शेवटपर्यंत राहतो आणि गाडी सुरू झाली की जातो. घरचे म्हणतात हे काय नवीन सोवळं. पण सेकंडहॅंड गाडी बघायला गेलो तरी मी आधी हाच दिवा बघतो, चावी फिरवूनही तो लागलाच नाही तर समजायचं की कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय, आणि तिथूनच नमस्कार करून निघायचं.

तर मागच्या महिन्यात दुपारी पाऊस नुकताच थांबलेला, जवाहर मार्गावर नेहमीसारखी गर्दी, पुढे लोडिंग रिक्षा, मागे हॉर्न, आणि चालत्या गाडीत तो पिवळा दिवा लागला. लागला आणि तसाच राहिला. लुकलुकला असता तर मी तिथेच बाजूला घेतली असती, कारण लुकलुकणं म्हणजे मिसफायर, सिलिंडरमधे पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या डब्यात जाऊन पेटणार आणि आतली जाळी वितळणार. हा शांत होता. गाडीही मस्त चालत होती, आवाज नाही, धूर नाही.

इंदूरमधे गाडीत काही बिघडलं हे नुसतं बोलून दाखवायचा अवकाश, सल्ल्यांना तोटा नाही. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर एकाने सांगितलं बॅटरीचा टर्मिनल काढून परत लाव. दुसऱ्याने सांगितलं दिव्यावर काळी टेप. आणि आमचा नेहमीचा मिस्त्री, बोनट न उघडता, "भिया, सेंसर गया। नया डाल दो, टेंशन खतम।"

आता टर्मिनल काढला की दिवा जातो हे खरं. पण त्याबरोबर गाडीतल्या कॉम्प्युटरची आठवणही जाते, तो स्वतःच करत असलेल्या सगळ्या तपासण्यांपुढे 'अपूर्ण' असं येतं, आणि थोडी गाडी फिरली की दिवा परत हजर. गाडी विकणारे हे बरोबर गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री करतात. मला कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, वाचण्याआधी तो पुसणाऱ्या माणसांचा फार राग आहे, का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

स्टीअरिंगच्या खाली पोर्ट असतो, त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर खोचला, मोबाईलवर कोड आला, पी०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या त्या डब्याचं, काम ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेलंय. यात सेन्सर खराब आहे असं कुठेही म्हटलेलं नाही हे लक्षात घ्या. डब्याच्या मागचा सेन्सर, धुरातला ऑक्सिजन बघणारा, स्वतः बिघडला तर त्याचे कोड वेगळे असतात, पी०१३६ पासून पुढे, त्याचा हीटर गेला तर पी०१४१. इथे तो बिचारा फक्त सांगतोय की पुढे काहीतरी नीट चाललेलं नाही.

एक सेन्सर डब्याच्या आधी, एक नंतर. आधीचा सारखा नाचतो, ०.१ व्होल्ट, ०.९ व्होल्ट, परत ०.१, कारण कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत असतो. मधल्या डब्यात सिरॅमिकची जाळी, एका चौरस इंचात ४००च्या आसपास भोकं, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा मुलामा, आणि ही जाळी ऑक्सिजन साठवून ठेवते, लागेल तसा सोडते. म्हणून नंतरचा सेन्सर शांत, ०.६-०.७ वर जवळजवळ सरळ रेघ.

रामबागेतल्या आमच्या घरात हे काम आजी करायची. बाहेरून कुणी तणतणत आलं की आधी ओट्याशी तिच्यासमोर सगळं ओतायचं, ती भाजी निवडता निवडता हं हं करायची, आणि आतल्या खोलीत बाबांपर्यंत पोचेस्तोवर त्याच बातमीचं नुसतं "जरा पैसे कमी पडतायत" एवढंच उरायचं. आजी गेल्यावर ओट्यावरची भांडणं जशीच्या तशी आतल्या खोलीत ऐकू यायला लागली. असो.

तर मोबाईलवर दोन्ही रेघा लावून बघितल्या. मागची नाचत होती, पुढचीइतकी नाही, पण नाचत होती. आणि सेन्सर म्हातारा झाला की तो सुस्तावतो, नाचत नाही, म्हणजे सुस्त सेन्सरमुळे खराब डबासुद्धा पास व्हायचा. हे मी मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "वो सब ठीक है भिया, पर डब्बे का भाव मालूम है?" हे मात्र खरं मर्म. प्लॅटिनम-रोडियमच्या भावाने डबा येतो, सेन्सर त्यामानाने स्वस्त, म्हणून आधी सेन्सरवर आळ.

बाबांच्या फियाटला असलं काहीच नव्हतं. मल्हारगंजात एक मिस्त्री होते, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मी शेजारी श्वास रोखून उभा. मग डोळे न उघडताच म्हणायचे, "टॅपेट." एकदा मलाही ऐकू दिलं होतं, मला नुसता गडगडाट ऐकू आला, पण मी मान डोलावली.

आणि मग मामाची गाडी. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा मुंबईहून कोरी मारुती घेऊन आला. आल्या आल्या खजराना गणपतीला दर्शन, गाडीला हार, आणि मग संध्याकाळभर ओसरीवर एकच चर्चा, इथलं पेट्रोल हिला चालेल का? कारण शिसं असलेलं पेट्रोल घातलं की मुलाम्यावर शिशाचा थर बसतो आणि डबा कायमचा गेला. देशभर बिनशिशाचं पेट्रोल यायला २००० साल उजाडलं. मामाने काय केलं असेल? कुणीतरी त्याला सांगितलं की डबा काढून सरळ पाईप बसवा, मायलेज वाढतं. त्याने बसवला. गाडीला सेन्सरच नव्हता, त्यामुळे चहाडी करायलाही कुणी नव्हतं. डबा आमच्या माळ्यावर कितीतरी वर्षं पडून होता आणि मग भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने गेला, रोडियमसकट!

शेवटी मी छोटी ग्वालटोलीत एका दुसऱ्या पोराकडे गेलो, वय असेल विशीतलं. त्याने सकाळी गाडी थंड असताना यायला सांगितलं, सुरू केली, सायलेन्सरच्या तोंडावर ओला फडका दाबला आणि खाली वाकला. मीही वाकलो. पुढच्या पाईपच्या जोडाशी फुस्स फुस्स, आणि फ्लॅंजच्या कडेला काजळीची पिसासारखी काळी रेघ, बोट लावलं तर बोट काळं. जोडातलं पॅकिंग, गॅस्केट, जळलं होतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो जे बघतो तेच सांगतो. डबा बरा असेलही, नसेलही, पण आधी गळती बंद करायची मग त्याच्यावर बोलायचं, असं तो पोरगा म्हणाला आणि मला तिथल्या तिथे त्याचा आदर वाटला.

गॅस्केट बदललं, कोड पुसला, यावेळी वाचून मग. आता स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या तपासणीपुढे 'अपूर्ण' दिसतंय, ती पूर्ण व्हायला गाडी सलग एका स्पीडने काही वेळ चालायला हवी आणि इंदूरच्या ट्रॅफिकमधे ते या जन्मी होणार नाही, म्हणून रविवारी एबी रोडने महूच्या पुढे जाऊन यायचं ठरवलंय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, महूपर्यंत जातोच आहेस तर जानापावच्या डोंगरावर का नाही, पावसाळ्यात छान असतं, मी भुट्ट्याचा कीस करून घेते, ताईला पण फोन करते. आता पाच माणसं, डबे, थर्मास आणि छत्र्या, आणि ताईची दोन पोरं दर अर्ध्या तासाला गाडी थांबवणार, म्हणजे सलग स्पीड वगैरे विसरा. दिव्याचं काय ते सोमवारी बघू.