साइडकारच्या बुलेटचे टॅपेट घरी तपासताना

आमच्याकडे जुन्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिनाची, ३४६ सीसीची बुलेट आहे आणि तिच्या डाव्या अंगाला साइडकार जोडलेली आहे. नानांचे गुडघे दुमडत नाहीत, त्यामुळे मागच्या सीटवर पाय टाकून बसणे त्यांना जमत नाही. साइडकारमध्ये मात्र ते पाय लांब करून परभणीहून जिंतूरपर्यंत आरामात येतात. या गाडीचे टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या सळयांखालचे भाग, मी आता दुसऱ्या कोणाकडे तपासायला देत नाही, आणि त्याला कारण आहे.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी जिंतूरहून आलो तो थेट एका गॅरेजमध्ये गेलो आणि टॅपेटचा आवाज फार येतो, एवढेच सांगितले. मिस्त्रीने गरम इंजिनावरच दोन्ही टॅपेट आवळून दिले. पुढचे काही दिवस गाडी इतकी शांत चालली की मला समाधान वाटले. त्यानंतर एके दुपारी झरी गावाच्या अलीकडे गाडीची ओढ कमी झाली, सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊ लागला आणि इंजिन बंद पडले. मी किक मारत होतो तेव्हा नाना म्हणाले, "किकला दमच राहिला नाही रे." हेड उघडल्यावर दिसले की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा जळून गेला होता आणि ज्या सीटवर तो बसतो तीही तेवढ्याच जागी खरबरीत झाली होती.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळता वायू जातो; ती उष्णता तो मुख्यतः मिटलेला असताना सीटला टेकून बाहेर टाकतो. टॅपेट घट्ट असला की व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, फटीतून ज्वाळा निसटत राहते आणि कड जळते. ढिला टॅपेट टकटक करून निदान कळवतो तरी. घट्ट टॅपेटचा आवाजच येत नाही. शिवाय साइडकार आणि तिच्यातला माणूस ओढताना गाडी बराच वेळ खालच्या गिअरमध्ये चालते, वारा कमी लागतो आणि इंजिन जास्त तापते, म्हणून या गाडीला ही तपासणी एकट्या बुलेटपेक्षा अधिक वेळा लागते असे माझे मत आहे. मी ती दर दोन हजार किलोमीटरला करतो.

इंजिन थंड असणे ही पहिली अट आहे, कारण तापून धातू फुगला की टॅपेटचे माप बदलते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पाळणे सोपे नाही. दिवसभर उन्हात तापलेले बिडाचे इंजिन संध्याकाळीही हाताला गरम लागते. म्हणून गाडी मी आदल्या रात्री ओसरीत लावतो आणि पहाटे साडेपाचला काम सुरू करतो. तीन चाकांमुळे गाडी आपसूक सरळ उभी राहते, स्टँडचा प्रश्न येत नाही. टॅपेटचे झाकण उजव्या बाजूला असल्याने साइडकारही आड येत नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चावी लावतो आणि किक हाताने हळूहळू दाबतो. ॲमीटरचा (वीजप्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा आधी डावीकडे पडलेला असतो. ठिणगीसाठी प्रवाह तोडणारा पॉइंट उघडताच तो मध्यावर येतो. त्या क्षणी पिस्टन कॉम्प्रेशनच्या (वायू दाबण्याच्या) फेऱ्यात जवळजवळ वर पोहोचलेला असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग चावी बंद करतो. त्यानंतर डिकॉम्प्रेशरची (किक हलकी करण्यासाठी व्हॉल्व्ह उचलणाऱ्या खटक्याची) केबल सैल आहे ना हे पाहतो, कारण ती ताणलेली असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचललेलाच राहतो आणि पुढची सगळी तपासणी फसवी ठरते.

झाकण काढताना थोडे तेल गळते, म्हणून खाली जुनी ताटली ठेवतो. आत दोन पुशरॉड, म्हणजे टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या सळया, उभे दिसतात, पुढचा एक्झॉस्टचा आणि मागचा इनलेटचा (वायू आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा). शेजारच्या रिक्षाच्या इंजिनाला फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लागतो, पण इथे माप बोटांनीच घ्यावे लागते. पुशरॉड अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला तर तो सहज फिरला पाहिजे, मात्र वर-खाली हलवला तर अजिबात हलता कामा नये. तेलकट सळई बोटांत अडखळत फिरली तर ती घट्ट आहे, आणि वर उचलताना बारीकसा टक् जाणवला तर ढिली. दोन-तीनदा केले की हा फरक बोटांना स्पष्ट कळतो.

सेटिंग करायचे झाल्यास पुशरॉडच्या तळाशी खालचा आणि वरचा भाग पातळ पान्यांनी धरून मधला चेक नट (सेटिंग पक्के धरणारा नट) सैल करावा लागतो. बाजारातले साधे पाने तिथे मावत नाहीत. माझे दोन मी ग्राइंडरवर घासून घेतले आहेत. चेक नट आवळताना सेटिंग हमखास थोडे सरकते, म्हणून आवळल्यानंतर पुशरॉड पुन्हा फिरवून पाहतो, आणि मग इंजिनाचे दोन पूर्ण फेरे करून, काटा परत मध्यावर आणून, आणखी एकदा. गेल्या रविवारी एक्झॉस्टचा टॅपेट किंचित घट्ट निघाला आणि तिसऱ्या प्रयत्नात मनासारखा बसला.

झाकणाचा मधला नट जोर लावून आवळू नये. पत्रा वाकतो आणि गॅस्केट नवे असले तरी तेल झिरपत राहते. सगळे पुसून किक मारली तेव्हा सात वाजत आले होते. टॅपेटचा हलका, एकसारखा आवाज येत होता, आणि किकला पायाखाली पूर्वीसारखा दम लागत होता. नाना टोपी घालून ओसरीत तयारच होते.