डिंकाला कोण चिकटवतं?

नववीत होतो, ऑफ तास होता आणि मी भूगोलाच्या वहीत नकाशा चिकटवत बसलो होतो, तेवढ्यात संस्कृतचे सर वर्गात आले. माझी डिंकाची बाटली उचलून म्हणाले, नकाशा वहीला कशानं चिकटला रे? म्हटलं डिंकानं. आणि डिंक वहीला कशानं चिकटला? मी पटकन म्हणालो, आणखी डिंकानं सर. वर्ग हसला, सर नाही हसले. फळ्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला, अनवस्था. दोन गोष्टी जोडायला तिसरी मानली की ती तिसरी जोडायला चौथी लागते, मग पाचवी, हे थांबतच नाही. मी बोटावरची वाळलेली डिंकाची साल काढत ऐकत होतो.

पुढं बीएला फिलॉसॉफी घेतलं ते त्या तासामुळंच. तिथं ब्रॅडली या इंग्रज तत्त्वज्ञाचं १८९३चं पुस्तक हातात आलं, त्यात साखरेचा खडा आहे, पांढरा टणक गोड, हे गुण एकत्र राहतात ते संबंधानं म्हणावं तर गुणांना संबंधाशी कोण जोडतं? अंगावर काटा आला, ही तर माझीच बाटली! आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात वैशेषिक दर्शनाच्या समवायावर, म्हणजे गुण आणि वस्तू यांना जोडणाऱ्या कायमच्या संबंधावर, हाच आक्षेप घेतलाय, ब्रॅडलीच्या हजारेक वर्षं आधी. दोघंही शेवटी एकच सत्य मानणारे, वेगवेगळ्या गोष्टींमधले संबंध अंतिम खरे न मानणारे.

मग बर्ट्रांड रसेल हा ब्रिटिश तत्त्वज्ञ वाचला आणि डोकं फिरलं. तो १९१२ साली म्हणतो, एडिंबरा लंडनच्या उत्तरेला आहे, हे कुणाला माहीत नसलं तरी आहेच, म्हणजे संबंध खरे. सुट्टीत गावी आल्यावर तडक सरांच्या घरी गेलो भांडायला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ते 'उत्तरेला' एडिंबऱ्यात आहे की लंडनमध्ये? रसेलनं स्वतःच हे विचारलंय आणि कुठंच नाही असं उत्तरही दिलंय, हे मला माहीत होतं, तरी गप्प झालो. मग सर ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवावर आले. शिव आणि शक्ती कसे, तर ओठ दोन पण बोलणं एक, डोळे दोन पण पाहणं एक. इथं डिंक कुठं लावशील, म्हणाले.

रसेलचं मला आजही पटतं, अंतर खरंच असतं. पण ज्ञानोबांच्या त्या दोघांत आधी दोन आणि मग नातं असा क्रमच नाही, हे समजायला मला फार वर्षं लागली. त्या तासाला वर्गात असलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर सांगा, तो शब्द फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात होता ना?