दंडापेक्षा पाटी स्वस्त

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरात शिक्षण शिरले ते ज्ञानाच्या ओढीने नव्हे, दंडाच्या धाकाने. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. दंडापेक्षा पाटी स्वस्त, असा माझ्या पणजोबांनी हिशेब केला आणि आजी शाळेत गेली.

ती चारच इयत्ता शिकली. पण कायद्याने दारातून आत ढकललेल्या त्या विद्येला तिने घरात देवघराशेजारी जागा दिली. दुपारी तांदूळ निवडताना ती मला मोठ्याने वाचायला लावी. अडखळलो की मान वर न करता म्हणे, ‘‘पुन्हा वाच.’’ त्या ‘पुन्हा’त राग नसे, घाई तर नसेच. एखादा शब्द तिलाही कळला नाही, तर ती तसे सरळ सांगे आणि आम्ही दोघे संध्याकाळी वडील कचेरीतून येण्याची वाट बघत असू.

वडिलांची तऱ्हा निराळी. त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या चपला दोन वर्षे शिवून वापरल्या, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा कळत होता तो त्यांचा एकच प्रश्न, ‘‘उरलेले चार मार्क कुठे गेले?’’ म्हणून प्रगतिपुस्तक मी आधी आजीला दाखवी आणि वडिलांसमोर, न समजलेले गणितही समजले असे म्हणे. एकाच छपराखाली मी न लाजता विचारायलाही शिकलो आणि बेमालूम लपवायलाही; दोघांनाही माझे भलेच हवे होते, हा त्यातला खरा घोळ.

परवा नातू गणिताचा पेपर घेऊन आला. सतराव्या गणिताची दुसरी रीत त्याला सापडली होती आणि तो ती सांगत होता; माझी नजर मात्र कोपऱ्यातल्या तांबड्या आकड्यावर. तो बोलायचा थांबला, तेव्हा मी चष्मा पुसला आणि ओशाळून म्हणालो, ‘‘पुन्हा सांग.’’